पाइपाला कान लावणारे सोपानकाका

काळेवाडीतल्या आमच्या इमारतीत कधी आलात आणि तळमजल्यावर एक म्हातारा माणूस सांडपाण्याच्या पाइपाला कान लावून, डोळे मिटून उभा दिसला, तर घाबरू नका. हाकही मारू नका. ते सोपानकाका. पाइप तपासताहेत.

"तिसऱ्या मजल्याला दम लागतोय," डोळे उघडून ते सांगतात. म्हणजे तिथल्या सिंकखाली क्षार साचलाय.

काका कंपनीत बॉयलरवर होते. नळ्यांमधला क्षार काढण्यातच सगळी नोकरी गेली. कंपनीने त्यांना रिटायर केलं, क्षाराने नाही केलं. आमचं पाणी बोअरचं, जड. बादलीला पांढरी रेघ, नळाला पांढरी दाढी. सांडपाण्याचा जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप वरच्या मजल्यापासून प्रत्येकाच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून उतरतो आणि काकांच्या ओट्याशेजारून जमिनीत जातो. त्यामुळे तो आपलाच, असं काका धरून चालतात.

ॲसिडचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. "ॲसिड म्हंजी दारुड्याला लाथा घालून सुदरवणं. दारू सुटती, पर मानूस ऱ्हात न्हाई." त्यांची रीत वेगळी. रसवंतीवाल्याकडून आणि चौकातल्या हॉटेलातून पिळलेल्या लिंबांची सालं आणायची, मीठ घालून उकळायची. पाइपाला खालून चिंध्यांचा बोळा मारायचा आणि ते पाणी वरून गरमगरम ओतून द्यायचं. भिजलं की लाकडी हातोडीने टकटक करत खाली यायचं. "आधी भिजवा, मग समजवा," हे त्यांचं पालुपद. सुटलेले पापुद्रे ते तळहातावर घेऊन घरोघर दाखवतात. "ह्यो तुमचा. बगा, किती जपला व्हता!"

मी बी.एस्सी., केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला मीच, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. लिंबातलं आम्ल आणि क्षार यांचं नेमकं काय होतं, ते मी एकदा काकांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुजी रिॲक्शन बराबर हाय. आता सालं आन."

टकटकीवरून भांडणं ठरलेली. आमच्याकडे कुणी ना कुणी दिवसा झोपलेलंच असतं. तिसऱ्या मजल्यावरचा गायकवाड जिन्यातून ओरडतो, "काका, थर्ड शिफ्ट करून आलोय राव!"

"मग कापूस घाल कानात. तुज्याच घराचं काम चाललंय, भावा."

दुसऱ्या मजल्यावर लातूरकडचं कुटुंब नवीन राहायला आलं, तेव्हा तर कहर झाला. नवऱ्याने काकांना काम करायला सांगितलं आणि बायकोला सांगायचं विसरून ड्युटीवर गेला. ती गच्चीवरून कपडे वाळत घालून आली, तर सिंकमध्ये लिंबांची सालं, मीठ आणि लाल चिंधी. तिने सगळी इमारत गोळा केली. "करणी केली हो कुणीतरी!"

काका हातोडी घेऊन वर आले. "बाई, करणीला आक्खं लिंबू लागतं. हे रसवंतीतनं पिळून आल्यालं हाय. ह्यात भूत न्हाई, चवबी न्हाई."

काकू गेल्यापासून काका एकटे. मुलगा चाकणला सुपरवायझर आहे, मोशीला त्याने छान फ्लॅट घेतलाय. तो सारखा बोलावतो. काका एकदा गेलेही, पण लगेच परत आले. "पोरगा, सून सोन्यावानी. पर दोगं दोन शिफ्टला. आन पाइप सगळे भिंतीभायेर. घर मुकं हाय," म्हणाले. आम्ही हसलो.

मग यंदा पाइपच फुटला. दुसऱ्या मजल्याची भिंत ओली झाली. सोसायटीचा सेक्रेटरी मीच, म्हणून मिटिंग बोलावली. ठरलं की जुना पाइप काढायचा आणि नवा प्लास्टिकचा, इमारतीच्या बाहेरून घ्यायचा.

"मी साफ ठेवतो की," काका म्हणाले.

"काका, साफ आहे. पण फुटलाय."

काका उठून उभे राहिले. मग म्हणाले, "बरं. मग मी जातो मोशीला."

सगळ्यांना ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरावावर सही घ्यायला गेलो, तर खाटेवर बॅग अर्धी भरलेली. ओट्यावर भाकरी झाकून ठेवलेली. काका पाइपाशेजारी पाटावर बसले होते.

"जेवायचं नाही का?"

"थांब. आजून वरच्यांचं व्हायचंय." त्यांनी मला खूण केली. मी पाइपाला कान लावला. सुरुवातीला काहीच नाही. मग खळखळ. "गायकवाडाची मंडळी. परात धुती. म्हंजी भाकरी झाल्या." पुन्हा पाणी, भांड्याचा आवाज. "लातूरवाली. आन ही तुजी आई. ती पळी आपटून ठेवती."

खरोखरच ती आईची पळी होती. जन्मभर ऐकलेली.

काकांनी ताट पुढे ओढलं. "एकट्याला घास उतरत न्हाई रे. वरून भांडी वाजाया लागली, की पंगतीत बसल्यावानी वाटतं."

सहीचा कागद मी खिशातून काढलाच नाही. जिन्यात येऊन कंत्राटदाराला फोन लावला. "नवा पाइप आतूनच घ्या. जुन्याच जागेवरून."

"साहेब, प्लास्टिकचा पाइप आतून घेतला तर लय आवाज करतो. लोक शिव्या देतील मला."

"आवाज करतो ना? नक्की?"

"बिडापेक्षा जास्त."

"मग आतूनच."

मिटिंगमध्ये ठरलं होतं त्याचं काय, असं गायकवाडने विचारलं. मी त्याला काकांच्या घरी नेऊन जेवणाच्या वेळेला पाइपापाशी उभं केलं. वर जाताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. तिथल्यांना त्यानेच सगळं सांगितलं.

नवा पाइप बसला. काकांनी त्याला बोटाने टिचकी मारली आणि नाक मुरडलं. "हलका माल. ह्येच्यात बसाया क्षाराला बी लाज वाटंल." तरी सालांची बादली दारात आहेच. बॅग पुन्हा माळ्यावर गेली.

आमची आई हल्ली भांडी जरा जास्तच वाजवते.