लायलची लाकडी बदकं

बदकांच्या शिकारीला सामान आपलंच न्यायचं, हे लायल पेटिग्रूने उन्हाळ्यातच पक्कं केलं होतं. सासरे व्हर्नन यंदा पहिल्यांदाच त्याला बरोबर नेत होते. आपला जावई अगदीच निकामी नाही, हे त्यांना दिसायला हवं होतं.

गाईड ड्वेनने फोनवर बजावलं होतं, "बंदूक आणि रबरी विजार आणा. बाकी सगळं इथं आहे."

लायल घडीची होडी आणि खऱ्या बदकांना भुलवून खाली उतरवायला पाण्यावर सोडायची पोतंभर लाकडी बदकं घेऊन हजर झाला. बदकं त्याने स्वतः कोरून रंगवली होती.

ड्वेनने त्यातलं एक उचलून त्याचं पडलेलं तोंड न्याहाळलं. "साहेब, हे कोण?"

"नर आहे."

"घरी कुणी आजारी आहे का त्याच्या?"

सासरे कॉफीच्या कपात बघत राहिले.

ड्वेनने आपली प्लास्टिकची बदकं शिकाऱ्यांनी लपून बसायच्या आडोशासमोर पाण्यावर तरंगवली. लायलची त्याने पार पलीकडच्या झाडांशी नेऊन सोडली. "तिकडं उठून दिसतील," तो म्हणाला.

उजाडलं. पहिला थवा आला, प्लास्टिकवरून एक चक्कर मारली आणि थेट लायलच्या बदकांत जाऊन उतरला. बंदुकीच्या टप्प्याबाहेर.

"वारा तिकडचा आहे," ड्वेन म्हणाला.

दुसरा थवाही तिकडेच गेला.

"वारा पडलाय," सासरे म्हणाले.

आठ वाजेपर्यंत आर्कान्सा राज्यातली निम्मी बदकं लायलच्या पाहुणचाराला जमली होती. इकडे एक गोळी सुटली नव्हती. लायलला चेहरा गंभीर ठेवणं जड जात होतं. "मी माझी बदकं इकडे घेऊन येतो," तो म्हणाला आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत होडीत बसला.

होडी घडीची होती. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर तिने घडी घातली, लायलसकट. वर फक्त दोन रबरी पाय उरले.

बंदुका आडोशात टाकून दोघं छातीभर पाण्यातून धावले. एकेक पाय धरून त्यांनी ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात सगळे थवे एकदम उठले आणि त्यांच्या डोक्यावरून, अगदी टोपीला वारा लागेल इतक्या खालून, सावकाश निघून गेले. सासरे वर बघत राहिले. हातातला पाय त्यांनी सोडला नाही, पण क्षणभर विचार केला असावा.

लायल खोकत वर आला. "बदकं कुठं गेली?"

सासऱ्यांनी रिकाम्या आभाळाकडे बोट दाखवलं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर सासऱ्यांचा फोन आला.

"ती लाकडी बदकं आहेत का रे अजून?"

"आहेत ना. आणि मीही मोकळाच आहे."



"मग उद्याच पोस्टात नेऊन टाक," सासरे म्हणाले. "नीट गुंडाळून पाठव."