भोयेंनी गाळलेले पाणी

जेवण झाल्यावर पाहुण्याने स्वयंपाकाचे कौतुक करावे, ही रीत सर्वत्र आहे. परंतु नळाला पाणी सोडून कौतुकाची वाट पाहणारा मनुष्य मी आमच्या जव्हारात एकच पाहिला. रघुनाथ भोये हे त्यांचे नाव. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात, ज्यास गावात सर्वजण नुसते ‘फिल्टर’ म्हणतात, तेथे ते तंत्रज्ञ आहेत. सकाळचे पाणी सुटून गेले की घरी परतताना वाटेत भेटेल त्याला ते ‘राम राम’ न करता विचारतात, “पाणी आला का? कसा होता?”

समोरचा म्हणतो, चांगलं होतं. यावर भोये खिन्न होतात. “चांगला म्हणजे कसा?”

आता याचे उत्तर कोण देणार? भाजी तिखट होती, चहा कडक होता, असे म्हणता येते. पाण्याला चव, वास आणि रंग येऊ नये याकरिताच तर नगरपालिका भोये यांना पगार देते. म्हणजे त्यांचे काम जितके उत्तम, तितके त्याविषयी बोलण्यासारखे कमी. एखाद्या दिवशी नळाला गढूळ पाणी येऊ द्या, मग पाहा, सबंध आळीला वाचा फुटते.

मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देतो. शाळा माझी नववीतच सुटली, परंतु मसुद्याच्या बाबतीत मी वकिलांसही हार जात नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. एकदा भोये माझ्यासमोर येऊन बसले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा म्हणाले. विषय काय, तर पाणी चांगले येत असल्याबाबत. मागणी काय, असे मी विचारले. मागणी काहीच नव्हती. नुसते कळवायचे होते. विनंती नसलेला अर्ज कोणत्या टेबलावर ठेवावा हेच कोणास उमगणार नाही, शिवाय अर्जदार म्हणून सही कोणाची, असे मी त्यांस समजावले.

“तुम्ही करा ना सही,” भोये म्हणाले. “पिता ना?”

त्यांच्या जगात दोनच अवस्था आहेत, गढूळ आणि निवळलेली. धरणाच्या पाण्यात तुरटी सोडून ते शांत ठेवले की गाळ तळाशी जातो. हाच न्याय भोये मनुष्यमात्रास लावतात. दोन भाऊ बांधावरून भांडत माझ्याकडे तक्रार लिहावयास आले, तेव्हा भोये शेजारच्या टपरीवर चहा घेत होते. तेथूनच त्यांनी सांगितले, “ढवळू नका रं. बसू द्या गाळ.” ते दोघे खरोखरच उठून गेले आणि माझे एक काम बुडाले. तापट माणसाला ते पावसाळी पाणी म्हणतात. माझ्याविषयी त्यांचे मत मी एकदा विचारले. बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, “गाळ नाय तुमच्यात. रंगच तसा आहे.”

अशा या गृहस्थास त्यांच्या आईने हरवले.

म्हातारी मोखाडा तालुक्यात पोशेऱ्याच्या बाजूला एका पाड्यावर राहते. यंदा उन्हाळ्यात मुतखड्याने बेजार झाली म्हणून भोये तिला जव्हारला घेऊन आले. पोटात भरपूर पाणी गेलेच पाहिजे, न गेल्यास दाखल करून सलाईन लावावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. आणि म्हातारी पाणी पिईना. घोटभर तोंडात घ्यायची आणि तांब्या दूर सारायची. “दवाखान्याचा वास येतो ह्या पान्याला,” एवढेच तिचे म्हणणे.

सारे शहर जे पाणी बिनबोभाट पिते, ते जन्मदात्रीने नाकारावे! भोये यांनी तिला क्लोरीन समजावून सांगितले. तेवढ्याने भागेना म्हणून मोटरसायकलवर बसवून थेट फिल्टरवर नेले, टाक्या दाखविल्या, वाळूचे थर दाखविले. मीही सोबत होतो. म्हातारीने सर्व नीट पाहिले आणि म्हणाली, “येवढा धुवाया लागतो, म्हंजे केवढा घान असंल.”

त्यानंतर मुलाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर ते गच्चीवर उन्हात उभे राहून नळाचेच पाणी या हंड्यातून त्या हंड्यात उंचावरून ओतत होते. वास उडावा म्हणून. मधूनच ओंजळीत घेऊन हुंगत होते. समाधान झाल्यावर त्यांनी तो हंडा फडक्याने बांधला, मोटरसायकलवर माझ्या मांडीवर दिला आणि आम्ही मोखाड्याच्या रस्त्याने दूरवर जाऊन तसेच परत आलो. आईने विचारल्यास मी काय सांगायचे, तेही ठरले. खोटी साक्ष देणे माझ्या पेशास शोभत नाही; परंतु हे प्रतिज्ञापत्र नव्हते.

“आये, आपल्या विहिरीचा आणला,” भोये म्हणाले. मी मान डोलावली.

म्हातारीने पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग दुसरा घेतला. “हा पानी,” ती म्हणाली. “गोड. असा पानी तुमच्या जव्हारात कोनी पाजनार नाय.”

भोयेंनी आयुष्यभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द त्यांच्या समोर उच्चारले गेले होते, आणि मान विहिरीला मिळाला होता. त्यांनी हंड्यावर झाकण ठेवले आणि तोंड धुण्याच्या निमित्ताने ते मागच्या दारी गेले.

ते गेल्यावर म्हातारी माझ्याकडे सरकली.

“भाऊ, आमच्या पाड्याच्या टँकरचा अर्ज तुम्हीच लिवला ना?”

मीच लिहिला होता. विहीर पूर्णपणे कोरडी पडली असल्याने, असे त्याचे पहिलेच वाक्य होते. नळावर जगणाऱ्या भोयेंच्या ध्यानात ते आले नाही, आणि माझ्याही आले नाही.

“होळीलाच आटली ती,” म्हातारी हळू आवाजात म्हणाली. “सांगू नका त्याला. उन्हातान्हाचा हिंडला माझ्यापायी.”

“आणि वास?” मी विचारले.

“येतो ना थोडा.”

मागच्या दाराने भोये तोंड पुसत आत आले. म्हातारीने पेला पुढे केला.

“वत रं, रघ्या,” ती म्हणाली. “भरून वत.”