कुजक्या फळीबाबत जनमत

मकरंद सर न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या एका शाळेत गणित शिकवत असताना त्यांच्या वर्गात कधी कुणी नापास झालं नाही. कारण उघड होतं. गृहपाठ झाला नसला की पोरं विचारायची, "सर, एक्स्टेन्शन?" आणि सर देऊन टाकायचे. निवृत्तीनंतर ते पत्नी सुरेखासह एका चिमुकल्या बेटावर राहायला गेले. बेटाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं मानी आहेत. वस्ती तुरळक, मेंढ्या भरपूर आणि समित्या त्याहून भरपूर. इतका समजूतदार माणूस बेटाने पाहिला नव्हता, त्यामुळे स्थानिक मंडळावर सर बिनविरोध निवडून आले.

त्यांच्यापुढे आलेला पहिला प्रश्न धक्क्यावरच्या कुजलेल्या फळीचा होता. बोट कंपनीने कळवलं होतं, हिवाळ्याआधी फळी बदला, नाहीतर बोट बंद. सुरेखा फार्मासिस्ट. रोज त्याच बोटीने ती पलीकडे कामाला जायची.

"हातोडा गॅरेजमध्ये आहे," ती म्हणाली. "शनिवारी ठोकून टाका की."

"अगं, मी आता लोकप्रतिनिधी आहे. खिळा मारायचा तर आधी लोकांना विचारायला हवं."

लोकांना विचारण्यात आलं. फळी सगळ्यांनाच हवी होती. फक्त लाकूड कुठलं, यावर मत बनवायला वेळ हवा होता. सरांनी दिला. पक्षीमित्रांना धक्क्याखालच्या पेंग्विनांची बाजू मांडायची होती, त्यांनाही दिला. शेजारचा ट्रेव्हर जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी सपाता, फटफटवत आला.

"किया ओरा, मकरंद! माझं मत अजून बनतंय. एक्स्टेन्शन?"

"स्वीट ॲज," सर म्हणाले. म्हणजे तिकडच्या बोलीत, खुशाल घे.

मग ज्यांनी वेळेत मत दिलं होतं ते चिडले. प्रामाणिकपणाची ही शिक्षा का? त्यांनाही फेरविचाराची संधी देण्यात आली. लोकसहभाग पाहायला वेलिंग्टनहून एक तज्ज्ञ आले, भारावले, आणि परतताना त्याच फळीतून खाली गेले. पाय प्लास्टरमध्ये असल्याने अहवालाला त्यांनीही मुदत मागितली.

हिवाळा मात्र वेळेवर आला. सरांनी कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. तो निघाला त्यांचाच विद्यार्थी, अभिषेक.

"अभिषेक, जरा एक्स्टेन्शन मिळेल का रे?"

"सॉरी सर. तुमच्या वर्गातून निघालो आणि पहिली नोकरी उशिरा जाण्यापायी घालवली. तेव्हापासून डेडलाइन म्हणजे डेडलाइन."

शेवटच्या बोटीला सुरेखा बॅग घेऊन धक्क्यावर उभी राहिली. तिने पलीकडे खोली घेतली होती.

"परत कधी येशील?" सरांनी विचारलं.

"बघते. मला जरा वेळ द्या."

आयुष्यात पहिल्यांदा सरांना नाही म्हणावंसं वाटलं. पण सवय मोडेना. त्यांनी मान डोलावली आणि ती फळी ओलांडून बोटीत चढली.

पुढच्या बैठकीत एकमताने ठराव झाला. बोटच येत नसल्याने फळीची गरज उरलेली नाही. आदर्श जनसहभागाबद्दल सरांचा सत्कार झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला.

हसलात? खुशाल हसा. पण तुमच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा गेल्या दिवाळीपासून बंद आहे, आणि त्यावरच्या मीटिंगमध्ये "घाई नको, विचार करून सांगतो" म्हणणारे तुम्हीच होतात. वर राहणाऱ्या आजी काल त्याच जिन्यात पडल्या.