म्हात्रे मामा आणि पाहुण्यांचं पुस्तक

म्हात्रे मामांनी आमच्या प्राचार्यांना लायब्ररीच्या दारातून परत पाठवलं, तेव्हापासून कॉलेजात त्यांच्या नादी कोणी लागत नाही. प्राचार्य नवीन होते आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना लायब्ररी दाखवायला निघाले होते. मामा स्टुलावरून उठले, नमस्कार केला, हात पुढे केला आणि म्हणाले, "आयकार्ड?" प्राचार्यांनी खिसे चाचपले. कार्ड केबिनमध्ये राहिलं होतं. "मग घेवून या ना, सायेब. पावनं बसतील तवर." पाहुण्यांच्या गळ्यात पास होते, त्यामुळे ते आत गेले आणि प्राचार्य जिना उतरले.

मामा कोपरखैरण्याच्या आमच्या कॉलेजात लायब्ररी अटेंडंट आहेत. घर मागेच, बोनकोड्यात. अंगाने काटकुळे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि गळ्यात स्वतःचं कार्ड. लग्नाच्या पंगतीतही ते कार्ड घालून बसतात अशी अफवा होती. त्यांच्या पुतणीच्या लग्नात मी जेवलोय, ती अफवा नाही. अठरा वर्षं मी इथे भूगोल शिकवतोय. रोज मामा माझी चौकशी करतात, मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारतात, आणि मग कार्ड मागतात. "मामा, मला ओळखत नाही का हो?" म्हटलं तर म्हणतात, "वलख वेगली, कार्ड वेगला."

अशा माणसाशी सानिकाची गाठ पडली.

गेल्या वर्षी आमच्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. आठ मुलं आली. सगळ्यांबरोबर वर्गात बसायचं, कँटीनमध्ये खायचं, परीक्षा मात्र त्यांना झेपेल अशी. जबाबदारी माझ्याकडे होती आणि मी फार हौसेने कामाला लागलो. या मुलांना कोणी रागावू नये, धक्काबुक्की करू नये, म्हणून मी त्यांना वेगळी पिवळी कार्डं करून दिली. बाकीच्यांची निळी. पिवळ्यावर लिहिलं होतं 'अतिथी विद्यार्थी'. ही कल्पना माझीच, आणि मी ती चारचौघांत मिरवलीही होती.

सानिका बावीस वर्षांची. वडील तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर. प्रवेशाच्या दिवशी ते तिच्यासमोरच मला म्हणाले होते, "सर, वेळ चांगला जाईल तिचा. पण कॉलेज कॉलेज म्हणून तिला उगाच चढवू नका." सानिकाने ते नीट ऐकलं होतं. महिन्याभरात तिने मला तिचा बेत सांगितला. लायब्ररीचं पुस्तक घरी न्यायचं, आतला शिक्का आणि त्याखालचं आपलं नाव बाबांना दाखवायचं. पुस्तकही ठरलं होतं, समुद्रातल्या माशांचं, चित्रांचं, चांगलं जाडजूड.

मामांनी पिवळं कार्ड पाहिलं आणि परत दिलं. "ह्याच्यावर पुस्तक नाय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी गेलो. "मामा, माझ्या कार्डावर द्या."

"तुमच्या कार्डावर तुमी वाचा. ती वाचनार तर तिचा कार्ड पायजे."

सानिका जिन्यात बसून रडली. माझं डोकं फिरलं. मी तडक प्राचार्यांकडे गेलो आणि या माणसाला काळीज नाही, असं बरंच काही बोललो. मामांना बोलावणं गेलं. ते आले ते एक फाईल काखेत मारून. फाईलमध्ये अर्जांच्या नकला होत्या, एकूण नऊ. रोज जेवणाच्या सुट्टीत एक लिहून ते ऑफिसात देत होते आणि ऑफिस तो पेपरवेटखाली ठेवत होतं. सगळ्यांत मजकूर एकच: 'सदर आठ मुलांची नावे हजेरीपटावर आहेत. तरी त्यांना विद्यार्थ्यांचे निळे कार्ड मिळावे.'

"सर," मामा मला म्हणाले, "पोरीला पावनी तुमीच केलीत. पावन्याला मी पुस्तक कसा देव?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याभरात आठ निळी कार्डं आली. सानिका रांगेत उभी राहिली. मामांनी कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "फोटो तुजाच?"

"माझाच."

"सात दिसांत परत. आनि त्यातला बोंबील चुकीचा काडलाय, त्यावर इस्वास ठेवू नको."

पुस्तक नवव्या दिवशी परत आलं. मामांनी भर लायब्ररीत तिला फैलावर घेतलं आणि आठवडाभर नवं पुस्तक बंद केलं. ती धावत माझ्याकडे आली, चेहरा नुसता फुललेला. "सर, मामा मला ओरडले! सगळ्यांना ओरडतात तस्से!"

परवा पालकसभा होती. सभेनंतर सानिका वडिलांना लायब्ररी दाखवायला घेऊन आली. मामांचा हात पुढे. "आयकार्ड?"

"अहो, मी हिचा वडील."

"असाल."

सानिकाने गळ्यातलं कार्ड दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेच बसा. ही कॉलेजची लायब्ररी आहे." आणि आत गेली. वडील दाराजवळच्या बाकावर बसले. काचेतून आतली लेक बघत राहिले. मग चष्मा पुसून मला म्हणाले, "कॉलेजातच येते की हो ही." आणि फोन आला म्हणून खाली गेले.

मी मामांची पाठ थोपटायला वळलो, तर मामा त्या रिकाम्या बाकाकडे बघत होते.

"माजा धाकटा भाव हितंच बसाचा. बाला. तुमाला आठवत असंल."

आठवला. सानिकासारखाच होता. मामांबरोबर रोज यायचा आणि दिवसभर त्या बाकावर बसायचा. मीही त्याला कितीदा बिस्किटं दिली होती. नाव मात्र कधी विचारलं नव्हतं.

"सगले त्याला बोलवाचे, आत ये, तुला कोन बोलतंय? पन तो कंदी आत आला नाय. मी सगल्यांकडं कार्ड मागाचो, ते बगत बसाचा. मना म्हनाचा, दादा, माज्याकडं नाय." मामांनी गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं. "इतकी वर्सा मीच त्याला दारात बसवला, सर. अर्ज करावा, हे मना सुचलाच नाय. तो गेल्यावर सुचला."

तेवढ्यात सानिका नवं पुस्तक छातीशी धरून दारात आली. मामांनी बाहीने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"आयकार्ड?"

"काय मामा, रोज रोज विचारता!"

"रोज इचारनार," मामा म्हणाले. कार्ड त्यांनी दोन्ही हातांत घेतलं आणि तिचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत, अक्षर अन् अक्षर, मोठ्याने वाचलं.