ड्रॅगन आगीत, समिती बैठकीत

प्रकाशनसंस्थेच्या नियमानुसार इंग्रजी अद्भुत कादंबरीतले कोणतेही पात्र संवाद-नैसर्गिकता समितीच्या मंजुरीशिवाय तोंड उघडू शकत नसे. नियम रास्तच होता. एखादी चेटकीण चुकीचे क्रियापद वापरायची आणि चारचौघांत संस्थेचे हसे व्हायचे.

आमच्या लेखकाची कादंबरी शेवटच्या प्रकरणापर्यंत सुखरूप आली होती. किल्ला पेटलेला, ड्रॅगन आत अडकलेला, आणि बाहेरून राजकन्या ओरडते, "जंप थ्रू द फायर!" तिची हाक ऐकल्याशिवाय तो जागचा हलणार नव्हता. लेखकाच्या आत्याचा तर त्या ड्रॅगनवर भारी जीव. रोज भाजी निवडताना तिने भाच्याच्या तोंडून त्याची गोष्ट ऐकली होती, अगदी तो अंड्यातून बाहेर आला तेव्हापासून.

समितीचे अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. जावई परदेशात असल्याने इंग्रजीत त्यांचाच शब्द अखेरचा.

"राजघराण्यातली मुलगी थ्रू म्हणेल?" त्यांनी विचारले.

"छे! ओव्हर म्हणेल," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. "आणि जंप बेडूक करतात. लीप घ्या."

"अहो, पण आग वाढतेय!" लेखक काकुळतीला आला.

"वाढू द्या," अध्यक्ष म्हणाले. "घाईत नैसर्गिकता साधत नाही."

प्रकरण उपसमितीकडे गेले. आग विझवूनच टाकावी, म्हणजे उडीचा प्रश्न मिटेल, अशी सूचना आली; पण विझवण्याचे इंग्रजी आणखी अवघड निघाले. शेवटी जावयाला फोन लावला. तो म्हणाला, "घाबरलेलं माणूस तोंडाला येईल ते ओरडतं हो." इतिवृत्तात नोंद झाली: अभिप्राय अस्पष्ट.

अखेर एकमताने निर्दोष वाक्य मंजूर झाले. ते चांगले सहा ओळींचे होते आणि सुरुवातीला राजकन्येने व्यत्ययाबद्दल क्षमा मागितली होती. अध्यक्षांचा ऊर भरून आला.

लेखक धावत घरी आला. "आत्या, वाक्य पास झालं!"

"ते राहू दे रे. तो बाहेर आला का?"

लेखकाने मान खाली घातली. राजकन्येचे वाक्य संपेपर्यंत किल्ला कोसळला होता. आत्याने भाजीची परात बाजूला सारली आणि डोळ्यांना पदर लावला.

वाचकहो, समितीला हसू नका. ड्रॅगन आगीत आहे हे तुम्हालाही पहिल्यापासून ठाऊक होते. तरी मघापासून तुम्ही मनात घोळवताय ते थ्रू बरोबर की ओव्हर, हेच ना?