गोगटे सरांचं अमेरिकेशी वाकडं

दुष्काळाच्या साली विश्रामबागेतल्या रेशन दुकानात अमेरिकेची तांबडी ज्वारी आली, तेव्हा ती न घेता परतणारे एकटे गोगटे सर. आज ज्वारी आली, उद्या आरमार येईल, असं त्यांनी दुकानदाराला बजावलं. सांगलीला समुद्र नाही, एवढंच सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या आणि पिशवी घेऊन स्वतः निघाल्या.

सर माझ्याबरोबर कॉलेजात इतिहास शिकवत. अमेरिकेचा साम्राज्यविस्तार हा त्यांचा खास विषय आणि "आधी हेतू बघा" हे पालुपद. हवाई बेटांची राणी कुणी घालवली, असं वर्गाला विचारून स्वतःच उत्तर देत, "ऊसवाल्यांनी." वर्गातली निम्मी पोरं ऊसवाल्यांचीच, ती माना खाली घालत. फिलिपिन्सवर आले की सरांचा आवाज चढे. स्पेनच्या तावडीतून सोडवतो म्हणून गेले, मालक होऊन बसले आणि विरोध करणाऱ्यांना गोळ्या घातल्या.

संध्याकाळी हेच सगळं पुन्हा शेजारच्या बापूंना. बापू वडूजकडचे निवृत्त सुभेदार. मन लावून ऐकत, मधेच "लय वंगाळ" म्हणत. मी मधे जाऊन बसलेलं सरांना खपत नसे.

मग बापूंच्या मुलानं त्यांना अमेरिकेला नेलं. सहा महिन्यांसाठी गेलेले बापू दोन वर्षं झाली तरी येईनात. सर नुसते जळत. बेटं घेतली, आता माणसंही नेतात, म्हणायचे. तिथं बापूंना कुणी गोरा सुभेदार भेटला असणार, हा संशय तर रोज मला ऐकवत.

शेवटी बापू पंधरा दिवसांसाठी आले. सर दोन दिवस तिकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी बापूच आले. मीही तिथंच होतो. नातवाचं कौतुक झालं, रस्त्यांचं झालं, बर्फाचं झालं. सर ताठ बसून ऐकत होते.

"संध्याकाळी कुणाशी बोलता तिथं?" त्यांनी एकदम विचारलं.

"कुनाशी बोलनार, सर? ल्योक-सून दमून येत्यात. नातवाला मराठी येत न्हाई. बसतो खिडकीत."

दोन वर्षं सरांना हेच ऐकायचं होतं. पण त्यांचा चेहरा पडला.

मग हळूच म्हणाले, "शेजारी जात जा, बापू. चांगली असतात हो तिथली माणसं."