निसळ मास्तरांची ढीगभर स्पॅनिश

बहात्तरच्या दुष्काळात साऱ्या नगरात ‘नाही’ या एकाच शब्दाचा सुकाळ होता. पाणी नाही, ज्वारी नाही, रॉकेल नाही. नेमके त्याच दिवसांत आमच्या शाळेतले भूगोलाचे निसळ मास्तर ‘पुष्कळ’ या अर्थाचे स्पॅनिश शब्द पाठ करत होते.

तपासायच्या वह्या पाहिल्या की म्हणायचे, “मोन्तोन.” म्हणजे ढीग. रेशनची रांग म्हणजे “चोर्रो”, धार. नळाला थेंब नव्हता, पण मास्तरांकडे धार होती. समुद्राएवढ्या गोष्टीला “ला मार दे”. एकदा हेडमास्तरांपुढे जाऊन ते “ला मार दे तक्रारी आल्यात” म्हणाले, तेव्हा हेडमास्तर खुर्चीसकट मागे सरकले.

आमचा शिपाई किसन सोनईचा. तो म्हणायचा, “आमच्याकडं एका ‘लई’त समदं भागतं, सर.”

आम्ही बाकीचे शिक्षकही सोडत नसू. आज चहात साखर किती, म्हणून मास्तरांना विचारायचं आणि ते नवा शब्द काढून बसले की एकमेकांकडे बघून हसायचं. मी सर्वांत जास्त हसलो असेन.

त्यांचा मुलगा अरुण गव्हाचं शास्त्र शिकायला मेक्सिकोला गेला आणि तिथलाच झाला. लग्नही तिथेच केलं. मास्तर विधुर; घरात एकटे. एका पत्रात अरुणने लिहिलं होतं, तीन वर्षांची लेक लूसिया विचारते, आजोबांना मी किती आवडते? उत्तर तिच्या भाषेत द्यायचं, असं मास्तरांनी ठरवलं. सायकल काढून ते थेट मिशनमधल्या म्हाताऱ्या स्पॅनिश फादरांकडे गेले. फादर व्याकरणापासून सुरुवात करणार होते. मास्तर म्हणाले, पुस्तकी नको, पोरं गल्लीत बोलतात ते शब्द शिकवा, आणि फक्त ‘पुष्कळ’चे. तीन वर्षं दर बुधवारी ते जात राहिले.

मधे अरुण मेक्सिको सोडून अमेरिकेत गेला. त्याने काही बिघडेल असं मास्तरांच्या मनातही आलं नाही.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात अरुण लूसियाला घेऊन पुण्याहून टॅक्सीने आला. सून आली नव्हती. मास्तरांनी दोन दिवस आधीपासून पाणी उकळून, गाळून दोन हंडे भरून ठेवले होते. मला मुद्दाम बोलावलं होतं. कोट घातलेले मास्तर नातीपुढे गुडघ्यांवर बसले आणि एकेक अक्षर सांभाळत म्हणाले, “ते किएरो उन मोन्तोन.” तू मला ढीगभर आवडतेस.

पोरीने बापाकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय म्हणतायत?

अरुण हसला. “बाबा, ती स्पॅनिश विसरली. आम्ही घरीसुद्धा इंग्रजीच बोलतो. तिच्या शाळेसाठी बरं पडतं.”

पत्रात हे का लिहिलं नाहीस, असं मास्तरांनी विचारलं नाही. ते पुन्हा नातीकडे वळले. मग म्हणाले, “व्हेरी मच.” हे दोन शब्द त्यांना चाळीस वर्षांपासून येत होते. पोरीने मान हलवली आणि ती खिडकीशी गेली.

चार वाजता टॅक्सी निघाली. इथल्या पाण्याचं खरं नाही, म्हणून लूसियाने हंड्याला हात लावायचा नाही, असं अरुणने आल्याआल्याच बजावलं होतं.

त्यानंतर मास्तरांचे बुधवार बंद झाले. शाळेत कुणी साखर किती विचारलं, तर सरळ मराठीत सांगायचे. मग कुणी विचारेनासं झालं.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे बसलो असताना फादर दारात आले. भर उन्हात, काठी टेकत, मिशनपासून पायी. पस्तीस वर्षं खेड्यापाड्यांत काढलेल्या माणसाची त्यांची मराठी होती.

“निसळ, तुमी येत न्हाई आता.”

“माझ्या नातीला स्पॅनिश येत नाही, फादर. शिकून काय करू?”

फादर ओट्यावर बसले. रुमालाने मान पुसली. “आमच्यातला शेवटचा स्पॅनिश सोबती वारला, त्याला नऊ वरसं झाली. मंग तुमी आले. तंवर मी माज्या भाषेत कुनाशी बोललो न्हाई.”

मास्तर उठले, आत गेले आणि फादरांसाठी पाणी घेऊन आले.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा मिशनकडे निघालेले दिसले. आता कोणते शब्द चाललेत, असं मी विचारलं. या वेळी मला हसायचं नव्हतं.

“शब्द कसले,” मास्तर म्हणाले. “ते त्यांच्या गावाचं सांगतात, आईचं सांगतात. मला निम्मंही कळत नाही. पण त्यांचं होईपर्यंत उठवत नाही.”